‘कॉम्प्युटर पॉलिसी जिंकते’ हे अर्धंच उत्तर

ग्रुप पॉलिसीवरच्या नोट्समध्ये एक वाक्य ठरलेलं असतं: एकच सेटिंग कॉम्प्युटर आणि युजर दोन्हींकडे असेल, तर कॉम्प्युटरचं चालतं. परीक्षेपुरतं ठीक आहे. संशोधन करायचं असेल तर तिथे थांबू नका.

विंडोज 2000 पासून ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पॉलिसी एका क्रमाने लागतात: लोकल, साइट, डोमेन, शेवटी ओयू. वरची पॉलिसी ‘एनफोर्स्ड’ नसेल तर नंतरची आधीचीला खोडते. पण हा क्रम कॉम्प्युटर आणि युजर या दोन भागांना स्वतंत्रपणे लागू होतो. एक भाग मशीनच्या रजिस्ट्रीत लिहिला जातो, दुसरा युजरच्या. मग दोन्हीकडे वेगळी उत्तरं असली तर निवड कोण करतं? ती सेटिंग वाचणारा प्रोग्रॅम! बहुतेक प्रोग्रॅम मशीनची बाजू घेतात. पण हा संकेत झाला, अटळ नियम नव्हे.

लूपबॅक हे प्रकरण वेगळं, आणि नोट्समध्ये ते यातच कालवलेलं असतं. तिथे मशीनच्या ओयूला जोडलेल्या पॉलिसीतला युजर भाग तुम्हाला लागतो. ‘मर्ज’मध्ये तुमच्या सेटिंग्ज आधी लागतात, मशीनकडच्या नंतर, टक्कर झाली तर नंतरच्या टिकतात. ‘रिप्लेस’मध्ये तुमच्या विचारातच घेत नाहीत.

सामायिक लॅबमधलं मशीन बांधून ठेवण्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो न दिसण्याला. ‘जीपीरिझल्ट’ ही कमांड साध्या युजरने चालवली तर युजरचाच भाग दिसतो. कॉम्प्युटरचा भाग पाहायला ॲडमिनचे हक्क लागतात. म्हणजे ज्याची सेटिंग खोडली गेली, त्यालाच कारण कळत नाही.

आता हे तुमच्या प्रबंधाला कुठे नडतं ते बघा. रात्रभर चालणारं सिम्युलेशन लावलंत आणि मशीन किती वेळाने झोपणार हे पॉलिसीने ठरवलेलं असेल, तर तुम्हाला ते बदलता येत नाही. शिवाय पॉलिसी साधारण दर 90 मिनिटांनी, त्यात 0 ते 30 मिनिटांची भर पडून, पुन्हा तपासली जाते. त्यामुळे प्रयोग चालू असतानाही परिस्थिती बदलू शकते.

म्हणून प्रयोग सुरू करण्याआधी ॲडमिनकडून दोन्ही भागांचा रिपोर्ट मागा आणि तारखेसह नोंदवहीत ठेवा. शेवटी पुन्हा एक घ्या आणि दोन्ही ताडून बघा. नुसतं ‘विंडोज 10 वर चाचणी केली’ असं लिहिलंत, तर तोच प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करता येईलच असं नाही.