अनेक अँटेना आणि रुंद रस्त्याची फसवी उपमा

मोबाइलच्या पाचव्या पिढीची सेवा भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून ती समजावून सांगताना एक उपमा वारंवार वापरली जाते: मनोऱ्यावर जास्त अँटेना म्हणजे रस्त्याला जास्त मार्गिका. उपमा सोपी आहे आणि विद्यार्थ्यांना चटकन पटते. तरीही ती वर्गात वापरू नये, असे आम्हांला वाटते.

पहिला आक्षेप भौतिकशास्त्राचा. मार्गिका एकमेकींपासून वेगळ्या असतात. अँटेनांतून निघणाऱ्या लहरी मात्र एकाच वारंवारतेवर एकमेकींत मिसळतात. लहरींची कला, म्हणजे त्यांच्या चढ-उतारांची वेळ, मनोरा अशी जुळवतो की एका ग्राहकापाशी त्या परस्परांना बळ देतात आणि दुसऱ्यापाशी परस्परांना पुसून टाकतात. म्हणूनच एकाच वेळी अनेकांना वेगवेगळा मजकूर पाठवता येतो. हे व्यतिकरण मैदानावर दाखवता येते. दोन ध्वनिक्षेपक एक मीटर अंतरावर ठेवून दोन्हींतून ६८० हर्ट्झचा एकच स्वर वाजवावा. चार मीटर दूर, त्यांच्या जोडरेषेला समांतर चालावे. मध्यावर मोठा असलेला आवाज बाजूला सुमारे एक मीटर सरकल्यावर मंदावतो.

पण कला जुळवायची तर प्रत्येक ग्राहकापर्यंतची वाट मनोऱ्याला ठाऊक हवी. त्यासाठी फोन ठरावीक खूण पाठवतो आणि मनोरा त्यावरून वाट मोजतो. फोन धावत्या एसटीत असेल, तर हे मोजमाप लगेच शिळे होते. दोन फोन अगदी जवळजवळ असतील, तर त्यांच्या वाटा वेगळ्या ओळखणेही अवघड जाते. यांतले काहीच रस्त्याच्या उपमेत बसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. पुण्यात जन्मलेले व तेथेच अभियांत्रिकी शिकलेले थॉमस कैलाथ आणि आरोग्यस्वामी पॉलराज यांना १९९४ मध्ये अमेरिकेत या विषयातले एक मूलभूत पेटंट मिळाले. अनेक अँटेनांतून वेगवेगळा मजकूर पाठवून वेग वाढवायचा, ही त्यामागची दिशा. १९९८ मध्ये अलामौटी यांनी दुसरी दिशा दाखवली: तोच मजकूर दोन अँटेनांतून विशिष्ट रीतीने पाठवला, तर एक वाट क्षीण झाली तरी निरोप पोहोचतो. पुढे २००३ मध्ये झेंग आणि त्से यांनी सिद्ध केले की हे दोन्ही लाभ एकाच वेळी पूर्णपणे मिळत नाहीत. वेग अधिक घ्यावा, तर खात्री काहीशी सोडावी लागते. रुंद रस्त्याच्या उपमेत फक्त वेग दिसतो, खात्री दिसतच नाही.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा भेद केवळ पुस्तकी नाही. ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेआठ सेंटीमीटर असते. अँटेनांत अर्ध्या लहरीइतके अंतर ठेवले, तर आठ ओळींत आठ असे ६४ अँटेना सुमारे ३५ सेंटीमीटरच्या चौकोनात मावतात. लांबवर पोहोचायला ७०० मेगाहर्ट्झ सोयीचे. पण तेथे लहर सुमारे ४३ सेंटीमीटरची, म्हणजे तोच चौकोन पावणेदोन मीटरचा होईल. तो मनोऱ्यावर चढवणे आणि वाऱ्यात टिकवणे कठीण. म्हणजे सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातल्या दूरच्या वस्तीला कमी वारंवारतेची सेवा मिळाली, तर अनेक अँटेनांचा मोठा लाभ तिच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही.

प्रवेश-अर्ज भरणाऱ्या मुलीला चित्रपट क्षणात उतरवून घ्यायचा नसतो. शेवटच्या दिवशी अर्ज नक्की पोहोचायला हवा असतो. जाहिरातीत मात्र कमाल वेगाचा आकडा असतो. तेव्हा 'वेग किती?' याबरोबरच 'मनोऱ्यापासून सर्वांत दूरच्या घरी शंभरातले किती निरोप पोहोचतात?' हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारायला शिकवावे. वहीत नोंदी ठेवून त्याचे उत्तर त्यांना स्वतःच काढता येईल.