पडद्यावरचा सिद्दी जोहर

ऐतिहासिक चित्रपटात कोणत्या नटाने कोणाची भूमिका करावी, हा वाद अलीकडे पश्चिमेकडे मोठ्या हिरिरीने चालला आहे. २०१९ साली डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’वरील चित्रपटात नायकाचे काम देव पटेल या गुजराती वंशाच्या नटाने केले. २०२३ साली क्लिओपात्रा राणीवरील एका माहितीपटवजा मालिकेत कृष्णवर्णीय नटीची योजना झाली, तेव्हा ईजिप्तमधून तीव्र निषेध उमटला. अशा योजनेने इतिहासाची विटंबना होते, असे एका पक्षाचे म्हणणे. नटाची पारख त्याच्या गुणांवरून करावी, कातडीवरून नव्हे, असे दुसऱ्याचे. परंतु इतिहास मूळचा एकरंगी होता आणि विविधता ही आजच्या काळाने त्यावर चढविली आहे, ही गोष्ट दोन्ही पक्ष बहुधा धरूनच चालतात. आम्हां करवीरकरांस हे गृहीत तपासून पाहण्यास फार दूर जावयास नको. येथून दहा-बारा मैलांवर पन्हाळगड उभा आहे.

मराठी ऐतिहासिक चित्रपट याच शहरात वाढला. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३ सालचा. भालजी पेंढारकरांचा, चंद्रकांत मांडरे यांनी शिवरायांची भूमिका केलेला ‘छत्रपती शिवाजी’ १९५२ सालचा. पागोटे, तलवार, वाडा आणि दरबार यांच्या खरेपणाविषयी येथील कलावंतांनी जी आस्था दाखविली, तिचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. तथापि वस्त्रांविषयी इतके दक्ष असणारे आपण माणसांविषयी तितके दक्ष राहिलो काय, हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे.

१६६० सालच्या पन्हाळ्याच्या वेढ्याचेच उदाहरण घेऊ. वेढा घालणारा सिद्दी जोहर हा हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाचा सरदार. कर्नूल प्रांतावर त्याची सत्ता होती आणि आदिलशहाने त्यास ‘सलाबतखान’ हा किताब दिला होता. त्याच्या मदतीस राजापूरच्या वखारीतून इंग्रज तोफा घेऊन आले होते. गडावरून महाराजांचा वेष घेऊन शत्रूच्या हाती गेलेला शिवा काशीद हा न्हावी समाजातील. खिंडीत पडलेले बाजी प्रभुदेशपांडे हे कायस्थ. त्यांच्याबरोबर लढणारे बांदलांचे मावळे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, हा वेढा फोडण्यासाठी बाहेरून नेताजी पालकरांच्या जोडीने ज्याने चढाई केली, तो सिद्दी हिलाल हाही हबशीच होता. त्या झुंजीत त्याचा तरुण पुत्र वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. परमानंदाच्या ‘शिवभारता’त हे नमूद आहे. बाजीप्रभूंचे नाव मुलांच्या तोंडी आहे; हिलालाचे नाही.

याच प्रसंगावर दिग्पाल लांजेकर यांचा ‘पावनखिंड’ २०२२ साली आला आणि प्रेक्षकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. त्यात जोहराचे काम समीर धर्माधिकारी यांजकडे होते. त्यांच्या अभिनयाविषयी आमची तक्रार नाही. अशी योजना करणारे हे पहिले दिग्दर्शक आहेत, असेही आम्ही म्हणत नाही. पण चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकास हा सेनापती आफ्रिकी वंशाचा होता, हे डोळ्यांनी कळत नाही. ‘सिद्दी’ हा शब्द त्याच्या कानांवर पडतो आणि नुसत्या नावासारखा विरून जातो.

यावर असा आक्षेप येईल की, अभिनय म्हणजेच सोंग. मग वंशाची चौकशी कशाला? फाळक्यांच्या ‘लंकादहना’त (१९१७) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या, आणि प्रेक्षकांनी त्या भक्तिभावाने पाहिल्या. आक्षेप वजनदार आहे. परंतु त्यातच त्याचे उत्तरही आहे. सीता ही स्त्री होती, हे प्रेक्षकास ठाऊक होते. पडद्यावर जे उणे होते, ते तो आपल्या ज्ञानाने भरून काढीत होता. कॉपरफील्डच्या बाबतीतही तेच. मूळ कादंबरी घरोघरी वाचली गेली आहे, आणि तिचा नायक तर कल्पनेतलाच. जे सर्वांस माहीत आहे, त्यास सोंगाने धक्का लागत नाही. उलट जे कोणासच माहीत नाही, ते पडद्यावरून गाळले की कायमचेच गाळले जाते. जोहराचा वंश या दुसऱ्या प्रकारात मोडतो. म्हणून आमच्या मते कसोटी नटाच्या जन्माची नसून प्रेक्षकाच्या ज्ञानाची आहे.

हे गाळणे निरुपद्रवीही नाही. दोन्ही बाजूंस हबशी सरदार लढताना दिसले, तर शत्रू आणि मित्र यांची वाटणी रंगावरून किंवा धर्मावरून करण्याची सोय उरत नाही. निष्ठा, महत्त्वाकांक्षा आणि राजकारण यांच्याकडे पाहावे लागते. अडचणीचे पण खरे असे हे चित्र. त्या काळच्या चित्रकारांस त्याचा संकोच नव्हता. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष होऊन १६२६ साली वारलेला मलिक अंबर, मोगल चित्रकार हाशिमाने त्याच्या सावळ्या वर्णासह आणि पूर्ण प्रतिष्ठेने रंगविला आहे. कुंचल्यास जे साधले, ते कॅमेऱ्यास असाध्य का असावे?

यावर तोंडास काजळ फासणे हा उपाय मात्र नव्हे. त्याने इतिहास साधत नाही आणि माणसाची थट्टा होते. उत्तर कानड्यात, यल्लापूर-हल्याळच्या रानात, सिद्दींची वस्ती आहे. त्यांच्या घरच्या बोलीत कोकणी-मराठीचा अंश आढळतो, आणि त्यांच्यातील काही कलावंत कन्नड रंगभूमीवर व चित्रपटांत वावरलेले आहेत. कोल्हापूरच्या निर्मात्यास ते काही परदेशस्थ नव्हेत. पण त्यांस केवळ खलनायकाच्या पोशाखापुरते बोलावले, तर एक अन्याय जाऊन दुसरा येईल. जोहराची भूमिका ज्यांना द्यावयाची, त्यांना हिलालाचीही दिली पाहिजे.

पन्हाळ्यावर आणखी चित्रपट निघतील, यात शंका नाही. त्यांतल्या एखाद्यात वेढ्याबाहेरून चालून येणाऱ्या सैन्यात नेताजींच्या शेजारी हिलाल दिसावा, आणि जखमी मुलास शत्रू धरून नेत असल्याचे त्या बापाने पाहावे. एवढा एक प्रसंग खरा उतरला, तरी ऐतिहासिक सत्य आणि निरनिराळ्या वंशांचे नट यांचे वैर आहे, ही समजूत निदान आपल्या प्रेक्षकांपुरती नाहीशी होईल.