तिसऱ्या अटीतले डॉक्टर

रुग्णालयातल्या कॅशलेस खिडकीसमोर बाकड्यावर वेळ जाता जात नाही. मागच्या वर्षी सोलापुरात मामांच्या ऑपरेशनच्या वेळी ‘क्वेरी आलीय’ एवढंच दुपारभर ऐकत बसलो होतो. शेवटी पिशवीतली पॉलिसी काढली आणि एखादी कविता वाचावी तशी शब्दाशब्दावर थांबत वाचली.

पॉलिसी ‘आरोग्य संजीवनी’. १ एप्रिल २०२० पासून विमा नियामकानं ती आरोग्यविमा कंपन्यांना विकायला लावली. कंपनी कुठलीही असो, मजकूर तोच. रसग्रहणाला सोयीचं.

आपण विम्याची रक्कम आणि हप्ता पाहून पान मिटतो. खरी करामत व्याख्यांच्या पानांवर आहे. ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ उपचाराच्या चार अटी पाहा. आजाराला तो गरजेचा हवा. सुरक्षित, पुरेशा आणि योग्य शुश्रूषेला लागेल त्याहून जास्त नको. डॉक्टरांनी लिहून दिलेला हवा. आणि जगात किंवा भारतात वैद्यकात रूढ असलेल्या रीतीला धरून हवा. घरी आपण म्हणतो, “डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग झालं!” इथं डॉक्टर तिसऱ्या अटीत आहेत, आणि चारही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. दुसऱ्या अटीतल्या ‘पुरेशा’ या शब्दाला मी दाद दिली. महागडं इंजेक्शन की साधं, तीन दिवस की पाच, हे सगळे वाद त्याच्या पोटात मावतात. पुरेसं म्हणजे किती, हे मजकूर सांगत नाही. ते ठरतं फाइल तपासणाऱ्याच्या टेबलावर, रुग्णाला न पाहता.

पुढं बारा आधुनिक उपचारांची यादी आहे. रोबोटिक शस्त्रक्रिया, तोंडावाटे केमोथेरपी वगैरे. २०१९ च्या नियमांनी हे उपचार सरसकट वगळायला मनाई केली, पण मर्यादा घालायची मोकळीक ठेवली. संजीवनीत ती विमा रकमेच्या निम्मी आहे. यादीतली पुस्ती फार बोलकी. इम्युनोथेरपी आहे, पण मोनोक्लोनल अँटिबॉडी इंजेक्शनवाटे दिली तर. स्टेम सेल आहेत, पण रक्ताच्या विकारांतल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणापुरते. गुडघ्यात स्टेम सेल घ्यायला निघालेला इथंच अडतो, आणि ‘सिद्ध न झालेले उपचार’ हे निराळं कलम पुढं त्याची वाट बघत असतं.

खोलीभाड्याचं कलम दिसायला गरीब आहे: दिवसाला विमा रकमेच्या २ टक्के, जास्तीत जास्त ५,००० रुपये. दोन लाखांच्या विम्यावर ४,००० ची खोली बसते. ८,००० ची घेतली, की सर्जनची फी, थिएटरचा खर्च असल्या संलग्न खर्चांनाही निम्मी कात्री. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या तेवढ्या सुटतात. वर ५ टक्के आपला वाटा आहेच.

‘वाजवी आणि प्रचलित खर्च’ या व्याख्येत मात्र आमचं गाव शिरतं. बिल त्या भौगोलिक परिसरातल्या दरांशी ताडून पाहायचं, असं ती सांगते. इंडीचा, उमरग्याचा रुग्ण सोलापूरला येतो, सोलापूरचा पुण्याला जातो. परिसर धरायचा तो रुग्णालयाचा. या पॉलिसीचा हप्ता मात्र शहर बघून कमीजास्त करता येत नाही, देशभर एकच. घेताना नकाशा लागत नाही, देताना लागतो! विनोद बहुधा अनवधानानं झालाय, पण अव्वल आहे.

मामांची क्वेरी दुसऱ्या अटीतलीच निघाली. यापेक्षा कमी उपचार का चालणार नाही, हे डॉक्टरांनी चार ओळींत लिहून दिलं आणि दिवेलागणीला मंजुरी आली.

तुमच्यावर वेळ आली तर या चार ओळी आधीच मागून घ्या. नकार आलाच तर तो कुठल्या कलमाखाली, हे लेखी मागा. तसं सांगणं कंपनीवर बंधनकारक आहे. सोलापूरकरांसाठी विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यात आहे. तक्रारीला फी नाही, मुदत एक वर्षाची.