कचारगडच्या गुहेत मोबाइल

गोंदियाहून रायपूरच्या दिशेने निघालेली गाडी सालेकसा आणि दरेकसा ही स्थानके मागे टाकते व थोड्या वेळाने बोगद्यात शिरते. डब्यातल्या निम्म्या प्रवाशांच्या हातात मोबाइल असतो. बोगदा आला की चाललेले बोलणे मध्येच तुटते, एखाद्या मुलाच्या पडद्यावरची चित्रफीत थांबते आणि तिच्या जागी एक चक्र गरगरत राहते. बोगदा सरला की सगळे पूर्ववत. त्या अर्ध्या-एक मिनिटात काय झाले, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

याच दरेकसा परिसरातल्या डोंगरात कचारगडच्या नैसर्गिक गुहा आहेत. गोंड समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून लोक पायथ्याच्या धनेगावला जमतात. १९८०च्या दशकात मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यात्रेला संघटित रूप दिले. ‘कुठेही, केव्हाही शिक्षण’ ही मोबाइलबद्दलची घोषणा गेली काही वर्षे शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येते. या लेखात आम्ही तिची थोडी चिकित्सा करणार आहोत आणि त्यासाठी ही जागा मुद्दाम निवडली आहे. ‘कुठेही’ या शब्दाची परीक्षा घ्यायची तर ती गुहेत घ्यावी.

परीक्षेचा पहिला भाग सोपा आहे, आणि त्यात मोबाइल नापास होतो. आपले मोबाइल ज्या लहरींवर चालतात त्यांची लांबी साधारणपणे बारा ते चाळीस सेंटिमीटरच्या आसपास असते. अशा लहरी विटांच्या भिंतीतून काही प्रमाणात पार होतात, परंतु कित्येक मीटर जाडीच्या, ओल धरलेल्या खडकात शोषल्या जातात. गुहेच्या तोंडातून वळून आत येतात त्या थोड्याच, आणि पहिल्या वळणानंतर त्याही उरत नाहीत. उपग्रहांकडून येणारे स्थाननिश्चितीचे संदेश तर याहून कितीतरी क्षीण असतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि त्यांच्यापैकी निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाल्याशिवाय आपली जागा नीट कळत नाही. आत खोलवर गेल्यावर नकाशावरचा निळा ठिपका तोंडापाशीच थबकलेला दिसतो किंवा भलतीकडे भरकटतो.

हा दोष यंत्राचा आहे आणि तो क्षम्यही आहे. आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. तो मांडण्यापूर्वी अशा घोषणांचा इतिहास थोडक्यात आठवू या.

१९७५-७६ साली अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने भारतात २,४०० खेड्यांसाठी दूरचित्रवाणीचा शैक्षणिक प्रयोग झाला. शेजारच्या रायपूर भागातली खेडीही त्यात होती. एक वर्षाने उपग्रह गेला आणि प्रयोग संपला. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, तिने मराठी मुलांसाठी पुष्कळ चांगले कार्यक्रम केले, आणि २०१७ साली ती बंद पडली. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट या लहानशा वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. त्याच योजनेची पेरू देशातल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांमध्ये शास्त्रीय पाहणी झाली. तिचा अहवाल २०१२ साली आला. पंधरा महिन्यांनंतर मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक पडल्याचा पुरावा मिळाला नव्हता. मग २०१७ साली आपल्याकडे ‘दीक्षा’ आले आणि पाठ्यपुस्तकांच्या पानांवर चौकोनी क्यूआर कोड दिसू लागले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी असे कोड त्याआधीच वापरले होते. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. एक कल्पक शिक्षक स्वतःच्या मुलांसाठी कोड तयार करतो तेव्हा कोडाच्या पलीकडे कोण बसले आहे हे त्याला माहीत असते. लाखो पुस्तकांवर तोच कोड छापला गेला की ही माहिती गळून पडते.

करोनाच्या काळात तर घोषणेची सक्तीने परीक्षा झाली. ज्याँ द्रेझ आणि इतरांनी ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांमध्ये पाहणी केली. ग्रामीण भागातली अवघी ८ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती; ३७ टक्के मुले काहीच शिकत नव्हती. मोबाइल नसणे हे त्याचे एक कारण होते, एकमेव नव्हे. आता मोबाइल पुष्कळ घरांत पोचला आहे. ‘असर’च्या २०२४ सालच्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केले असे सांगणारी मुले ५७ टक्के होती, समाजमाध्यमे वापरणारी ७६ टक्के. वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा मोबाइल असलेले मुलगे ३६ टक्के आणि मुली २७ टक्के. शेवटचे दोन आकडे शिक्षकांनी लक्षात ठेवावेत, ते पुढे उपयोगी पडतील.

आता आमचा आक्षेप. ‘कुठेही शिक्षण’ याचा व्यवहारातला अर्थ ‘कुठे आहात याने काही फरक पडत नाही’ असा झाला आहे. मुंबईत, मालवणात आणि सालेकशात तोच पाठ, तीच चित्रफीत, तेच पाच प्रश्न. वरवर ही समानता वाटते. पण एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग बेसॉल्टने व्यापला आहे. त्यामुळे आपल्या भूगोलाच्या पाठांत, चित्रांत आणि चित्रफितींत महाराष्ट्राचा खडक म्हणजे काळा पाषाण, सह्याद्रीचे थर आणि लोणार. हे बनवणाऱ्यांत आमच्यासारखे संशोधकही असतात आणि त्यांचे बहुतेकांचे बालपण बेसॉल्टवर गेलेले असते! गोंदिया जिल्हा मात्र त्या थरांच्या बाहेर आहे. सालेकसा-दरेकसा भागात ‘बिजली रायोलाइट’ नावाचा ज्वालामुखीजन्य खडक आढळतो. त्याचे वय सुमारे अडीच अब्ज वर्षे आहे. दख्खनचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढे हा अडतीस-एक पटींनी वडील. पडद्यावर बेसॉल्ट पाहून दरेकशाचा विद्यार्थी शाळेबाहेर येतो आणि पायाखालचा दगड उचलतो, तेव्हा तो दगड पाठात बसत नाही. मूल हुशार असेल तर पाठाविषयी शंका घेईल. बहुतेक मुले दगड टाकून देतात.

गुहांचेही तसेच. ‘गुहा कशी तयार होते’ असे मोबाइलला विचारले तर उत्तर येते ते चुनखडीचे: पावसाच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड, विरघळणारा दगड, छतावरून लोंबणारे चुन्याचे खांब. माहिती अचूक आहे. परंतु या परिसराची ओळख असलेला खडक चुनखडी नव्हे, आणि कचारगडला आलेल्या मुलाने आत जाऊन लोंबते खांब शोधावेत आणि न सापडल्यामुळे खट्टू व्हावे, ही त्या अचूक माहितीची किंमत आहे.

याचा अर्थ मोबाइल पायथ्याशी ठेवून वर चढावे असा नाही. नेटवर्क गेल्यावर मोबाइलमध्ये काय उरते याचा विचार आपण क्वचितच करतो. उरते ती एक छोटी प्रयोगशाळा. प्रकाश, ध्वनी, चुंबकक्षेत्र, प्रवेग आणि काही यंत्रांत हवेचा दाब मोजणारे संवेदक त्यात असतात. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठाने तयार केलेले ‘फायफॉक्स’ हे विनामूल्य अ‍ॅप हे सारे आकडे पडद्यावर आणते, आणि एकदा उतरवून घेतले की त्याला इंटरनेट लागत नाही.

प्रकाशापासून सुरुवात करावी. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलच्या वरच्या कडेला, कान लावतो तिथे, प्रकाशाचा संवेदक असतो. भर उन्हात तो एक लाख लक्सच्या आसपास आकडा दाखवतो, चांगल्या उजेडाच्या वर्गात तीनशे-चारशे. गुहेच्या तोंडापासून आत दर दोन मीटरवर थांबून आकडा टिपायचा. मोबाइल धरण्याची दिशा प्रत्येक वेळी सारखी ठेवायची, नाहीतर आकडे नाचतात. मग आलेख काढायचा. आकडा निम्मा कुठे झाला, दहावा हिस्सा कुठे? आपल्या डोळ्यांना तिथे ‘निम्मा उजेड’ वाटला होता का? हजारो लक्सचा फरक डोळा सहज पोटात घालतो, हे वर्गात दहा वेळा सांगून पटत नाही. आणि शेवाळ कोणत्या आकड्यापर्यंत वाढते, हा जीवशास्त्राचा प्रश्न मुले आपणहून विचारतील.

ध्वनीसाठी आधी बाहेर मोकळ्या जागी दोन मोबाइल दहा मीटर अंतरावर ठेवावेत आणि फायफॉक्समधली आवाजाने चालू-बंद होणारी दोन घड्याळे लावावीत. एका मोबाइलजवळच्या टाळीने दोन्ही घड्याळे चालू होतात, दुसऱ्याजवळच्या टाळीने बंद. दोन वेळांतला फरक म्हणजे आवाजाला वीस मीटर जायला लागलेला वेळ. पंचवीस अंश तापमानात तो ०.०५८ सेकंदाच्या जवळपास यायला हवा. त्यानंतर आत जाऊन एकच टाळी वाजवावी आणि ती विरायला किती वेळ लागतो ते आलेखावर पाहावे. शाळेच्या वर्गातली टाळी आणि गुहेतली टाळी यांचे आलेख शेजारी ठेवले की घुमण्याचा अर्थ कळतो.

कचारगड हे नाव काही जण लोहखनिजाशी जोडतात. होकायंत्राचा संवेदक इथे कामाला येईल. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र आपल्याकडे चाळीस ते पन्नास मायक्रोटेस्लाच्या दरम्यान असते. दगडाजवळ नेल्यावर आकडा ढळला तर त्यात मॅग्नेटाइट असण्याचा संभव आहे. न ढळल्यास लोह नाही असे मात्र म्हणता येणार नाही, कारण हेमॅटाइट या तांबूस खनिजात लोह भरपूर असूनही होकायंत्र त्याची फारशी दखल घेत नाही. मोबाइलच्या वेष्टनाला चुंबकी टिकली असेल तर ती आधी काढावी.

तापमानाबाबत सावध राहा. आम्ही स्वतः एकदा फसलो आहोत. पडद्यावरचा आकडा आम्ही हवेचे तापमान म्हणून वहीत लिहून घेतला. तो निघाला बॅटरीचा! हवेसाठी साधा काचेचा तापमापक न्यावा. चढताना दाबाचा आकडा मात्र जरूर पाहावा, साधारण साडेआठ मीटर चढले की तो एक हेक्टोपास्कलने उतरतो. स्वस्त मोबाइलमध्ये हा संवेदक बहुधा नसतो.

या सगळ्याला दहा मुलांत एक मोबाइल पुरतो. एकाने तो धरायचा, दोघांनी फीत, एकाने वही. धरणारा हात दर वेळी मुलग्याचाच नसावा, यासाठी वरचे दोन आकडे आठवायचे.

राहिला तो एक संवेदक, सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित: ध्वनिमुद्रक. इथल्या पुष्कळ घरांत गोंडी बोलली जाते. २०११च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या सुमारे ३० लाख होती. ही द्राविड कुळातली भाषा आहे, तेव्हा ‘मराठीची बोली’ समजून तिच्याशी वागणे भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही चूक आहे. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातले मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली तिच्यासाठी लिपी तयार केली. ती लिपी संगणकांच्या जागतिक संकेतप्रणालीत, युनिकोडमध्ये, यायला २०१७ साल उजाडले. २०१०मध्ये छत्तीसगडात शुभ्रांशु चौधरी यांनी सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमाने याबाबतीत आम्हाला अधिक शिकवले. साध्या बटणांच्या फोनवरून लोक आपल्या भाषेत बातमी किंवा गाणे नोंदवत आणि इतर जण फोन लावून ऐकत. इंटरनेट नाही, लिपी नाही, वाचता येण्याची अट नाही. २०२५ साली केंद्र सरकारने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे अ‍ॅप आणले, त्यात गोंडी आहे. ते उपयोगी ठरो. पण दरेकशाची गोंडी आणि बस्तरची गोंडी एक नव्हे, हे ते बनवणाऱ्यांना तिथल्या मुलांनीच सांगावे लागेल.

गुहेविषयी गोंडी परंपरेत कथा आहे. आत कोंडल्या गेलेल्या मुलांची सुटका कशी झाली, संगीताचा त्यात काय वाटा होता, आणि पहांदी पारी कुपार लिंगो यांनी पुढे त्या मुलांना कसे घडवले, हे घराघरांत थोड्याफार फरकाने सांगितले जाते. ती आम्ही इथे सांगणार नाही. ती आजीकडून घ्यायची. मुलाने मोबाइल समोर ठेवून विचारावे: दगडाला, झाडाला, अंधाराला, वटवाघळाला गोंडीत काय म्हणतात? हा गड कसा झाला? गुरुजींना गोंडी येत नसेल तर या तासाला मूल शिक्षक आणि गुरुजी विद्यार्थी, त्यात कमीपणा नाही. एकच पथ्य पाळायचे. जागा पूजेची आहे. पूजा चालू असताना मोजमाप नको, चित्रण नको, आणि वर जाण्याआधी धनेगावात विचारायचे. मुद्रण झाले की ते प्रथम आजीलाच ऐकवायचे. यातले हे बाहेर जाऊ देऊ नका, असे ती म्हणाली तर तेवढा भाग तिच्यादेखत पुसून टाकायचा.