अळी दिसली, म्हणजे हार्टवर्म?

२०१० साली ‘पॅरासाइट्स अँड व्हेक्टर्स’मध्ये आलेला भारतातल्या कुत्र्यांच्या फायलेरियावरचा पेपर प्रपोजल लिहिण्याआधी वाचाच. मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाखमधल्या ५२५ कुत्र्यांचं रक्त त्यात पीसीआरनेही तपासलंय. मायक्रोस्कोपखाली वळवळणारी अळी दिसली की लगेच ‘हार्टवर्म’ म्हणायची आपली सवय तो मोडतो. खरा हार्टवर्म, म्हणजे डायरोफायलेरिया इमिटिस, त्यात मागेच राहिला. त्वचेखाली राहणारा रेपेन्स (हा कधीकधी माणसाच्या डोळ्यातही निघतो!) आणि पिसवांमार्फत पसरणारा रेकॉन्डिटम जास्त सापडले.

आता खटकलेलं. चार ठिकाणांवरून ‘भारत’ म्हणणं जरा जास्तच झालं. डासातली अळी साधारण १४ अंशांखाली वाढत नाही; कल्याण-डोंबिवलीत ती अडचण जवळपास नाहीच. मग इथे हार्टवर्म भरपूर असणार, असं लिहून तुम्ही मोकळे व्हाल. थांबा. उकाडा आणि डास म्हणजे फक्त शक्यता. अँटिजेन चाचणीसुद्धा मुख्यतः प्रौढ मादी कृमीच पकडते. लागण नवी असेल तर निगेटिव्ह येते. मुंबईचा आकडा उचलून ठाण्याच्या नकाशावर चिकटवलात, तर गाईड पहिलं हेच विचारतील: नमुने कुठल्या वॉर्डातले?