वंशावळीचे वाचन : धाराशिव जिल्ह्यातील कागदांच्या निमित्ताने

इ. स. २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे कुणबी नोंदींच्या शोधासाठी उघडण्यात आली. पहिल्या अहवालाच्या वेळी सुमारे पावणेदोन कोटी कागद तपासून ११,५३० नोंदी सापडल्याचे सांगण्यात आले. तेव्हापासून धाराशिव जिल्ह्यात जुना कागद ही केवळ अभ्यासकाच्या आवडीची बाब राहिलेली नाही. आजा, पणजा, खापरपणजा यांची नावे सांधत सांधत मागे जाणे हा शेकडो घरांचा व्यवहार झाला आहे, आणि एखाद्या अक्षराच्या वाचनावर घरातील मुलाचा पुढील मार्ग अवलंबून राहू लागला आहे. आरक्षणाच्या प्रश्नाचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ज्या वंशावळींच्या आधारे हा व्यवहार चालतो त्या वाचाव्यात कशा, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. तो मुख्यतः भाषेचा प्रश्न आहे, असे आमचे मत आहे.

वंशावळ म्हणजे घडलेल्या वंशाची जशीच्या तशी प्रतिमा, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः वंशावळ ही एक रचना होय. ती कोणीतरी, कोणत्यातरी प्रसंगी, काहीतरी सिद्ध करण्यासाठी तयार केलेली असते. मराठीत या रचनेचे दोन ठळक प्रकार आढळतात. पहिला प्रकार अभिमानाच्या वंशावळीचा. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी इ. स. १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी लेख हे त्याचे सर्वांत भव्य उदाहरण, आणि विसाव्या शतकात घराघरांनी छापलेले कुलवृत्तांत ही त्याचीच गृहस्थी आवृत्ती. दुसरा प्रकार हक्काच्या वंशावळीचा. वतनाच्या तंट्यात वादी-प्रतिवादींनी लिहून दिलेले करीने, गोतसभेचे महजर आणि निजामी अमलात इनामाच्या वारसाचौकशीनंतर मिळणारे मुंतखब हे कागद या प्रकारात मोडतात.

या दोन्ही प्रकारांचे दोष निरनिराळे आहेत. अभिमानाची वंशावळ वरच्या टोकाला फुगते. तिला एखादा प्रख्यात मूळपुरुष हवा असतो. हक्काची वंशावळ मध्येच आखडते. ज्या शाखेला वाटा द्यावयाचा नाही ती शाखा तीत निपुत्रिक होते किंवा मुळीच उगवत नाही. तरीही दोहोंत निवड करावयाची झाल्यास अभ्यासकाने हक्काचा कागद अधिक विश्वासार्ह मानावा. कारण त्याच्या समोर प्रतिपक्ष उभा होता, आणि खोटे नाव घातल्यास ते खोडून काढणारा भाऊबंद त्याच चावडीत बसलेला होता. अभिमानाच्या वंशावळीला असा शेजारी नसतो.

धाराशिव जिल्ह्याचे वैशिष्ट्य असे की, येथील कागदांवर एकापाठोपाठ एक अनेक राज्यव्यवहारांचे थर बसले आहेत. हा मुलूख त्या काळी नळदुर्ग या नावाने ओळखला जाई. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांकडे गेला, काही वर्षे मेडोज टेलर याच्या कारभाराखाली होता, आणि १८६० मध्ये निजामाकडे परत आला. निजामी सरकारात वरिष्ठ दप्तराची भाषा प्रथम फार्सी, नंतर उर्दू. गावपातळीवर मात्र मोडीतील मराठी. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली हा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्याच वेळी बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे भाग त्यास जोडले गेले. पुढे १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा निघाला. यास्तव एकाच घराच्या चार पिढ्यांचे कागद नळदुर्ग, उस्मानाबाद, बिदर, लातूर आणि धाराशिव अशा पाच नावांखाली विखुरलेले असू शकतात. ‘आमच्या गावाचे दप्तरच नाही’ असे म्हणणाऱ्याने ते कोणत्या नावाखाली शोधले, हे आधी विचारावयास हवे.

आता लिपीकडे वळू. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद राहत नाही, आणि शब्द एकमेकांस लागून येतात. परंतु सरावलेल्या वाचकाला यामुळे नावापुरती फारशी अडचण पडत नाही. खरी अडचण उर्दू कागदांत आहे. त्या लिपीत ब, प, त आणि न यांचा सांगाडा शब्दाच्या आरंभी व मध्ये एकच असतो; फरक केवळ नुक्त्यांचा. घाईच्या शिकस्ता हातात नुक्ते गळतात. नुक्ते गळाले की ‘बाबा’, ‘नाना’, ‘ताता’ ही तिन्ही नावे डोळ्यांना एकसारखी दिसतात. मराठी घरांत हीच नावे पिढ्यानुपिढ्या सर्वांत अधिक ठेवली जातात, हे लक्षात घेतले म्हणजे धोक्याची कल्पना येईल.

प्रस्तुत लेखकाच्या घरीच याचा अनुभव आला. खापरपणजांचे नाव एका नकलेच्या आधारे ‘बाबाजी’ असे वाचले गेले होते, आणि त्यावरून गावातील दुसऱ्या एका भावकीशी आमचे मूळ एक ठरविण्यात आले होते. दोन्ही घरांत आनंदाने जेवणावळी झाल्या. पुढे त्याच गृहस्थांचे मोडीतील खरेदीखत हाती आले. त्यात ‘नानाजी’ असे निःसंदिग्ध अक्षर होते. उर्दू कागद पुन्हा भिंगाखाली धरला तेव्हा पुसट झालेला नुक्ता सांगाड्याच्या वर दिसला, खाली नव्हे. जुळलेली दोन घरे एका ठिपक्याने पुन्हा वेगळी झाली. वाईट वाटले, परंतु कागदाशी प्रतारणा करून नाते टिकविता येत नाही.

लिपीइतकाच फसवा असतो तो शब्दांचा अर्थ. जुन्या मराठी कागदांत ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा पुत्र, हे बहुतेकांस ठाऊक असते. पण ‘कोम’ हा शब्द पाहा. मराठी दस्तऐवजात ‘गंगाबाई कोम रामजी’ म्हणजे रामजीची पत्नी गंगाबाई. उर्दू कागदात तोच मूळ शब्द ‘कौम’ या रूपाने येतो, आणि तेथे त्याच्यापुढे जात लिहिलेली असते. एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जाणाऱ्या वाचकाने हा भेद विसरल्यास पतीच्या जागी जात आणि जातीच्या जागी पती वाचला जाईल.

‘कूळ’ हा शब्दही असाच आहे. समाजव्यवहारात कूळ म्हणजे वंश. महसुली मराठीत कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात कुळातील नातेवाइकांच्या प्रतिज्ञापत्राचा उल्लेख आहे, तेथे पहिला अर्थ अभिप्रेत आहे. परंतु ज्या महसुली कागदांतून पुरावा काढावयाचा त्यांत बहुधा दुसरा अर्थ असतो. कूळ म्हणून नोंदलेला इसम जमीनमालकाच्या वंशातील असेलच असे नाही. किंबहुना बहुधा नसतोच.

मुख्य शब्द ‘कुणबी’ याचेही तसेच. संस्कृत ‘कुटुंबिन्’ पासून आलेला हा शब्द प्रथम घरदार-शेती सांभाळणाऱ्या गृहस्थाचा वाचक होता. पुढे तो कसणाऱ्याचा धंदा आणि जात या दोन्ही अर्थांनी रूढ झाला. एखाद्या नोंदीत तो कोणत्या अर्थाने आला आहे हे त्या एका ओळीवरून ठरत नाही. त्याच रकान्यात शेजारच्या ओळींत काय लिहिले आहे, माळी, धनगर, कोष्टी अशी जातिनामे आहेत की केवळ धंदे आहेत, हे पाहूनच ठरते. तद्वतच हैदराबाद संस्थानाच्या गॅझेटियरचे. त्यात जातिसमूहांच्या लोकसंख्येचे आकडे मिळतात, व्यक्तींची नावे मिळत नाहीत. समूहाविषयी अनुमान करण्यास ते उपयोगी. कोणाही एकाचा आजा त्यातून निघणार नाही.

आडनावाचा भरवसा त्याहून कमी. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही मुळात कामांची नावे. एक भाऊ पाटीलकीवर राहिला तो पाटील झाला. दुसरा परगावी गेला तो मूळ गावाच्या नावाला ‘कर’ लावून ओळखला जाऊ लागला. तिसरा जुनेच आडनाव लावीत राहिला. आडनाव एक म्हणून वंश एक हे जितके चूक, तितकेच आडनाव वेगळे म्हणून वंश वेगळा हेही चूक. त्यात आज्याचे नाव नातवास ठेवण्याची आपली चाल. ‘रामजी बिन तुकोजी बिन रामजी’ अशी साखळी असता नकलाकार एक रामजी गाळतो आणि दोन पिढ्या नाहीशा होतात. यास्तव प्रत्येक वंशावळीत पिढ्यांची संख्या वर्षांशी ताडून पाहावी. शंभर वर्षांत दोनच पिढ्या निघत असल्यास मध्ये कोणीतरी हरवले आहे असे समजावे.

कागदाबाहेरही वंशस्मृती आहे. तुळजापूर, पंढरपूर, त्र्यंबकेश्वर येथील उपाध्यांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. कर्नाटकाच्या सीमेलगत हेळवी घरोघर फिरून पिढ्या म्हणून दाखवितात. ‘हेळवी’ म्हणजे सांगणारा, अशी व्युत्पत्ती आपल्याकडे दिली जाते. कानडीत ‘सांगणे’ या अर्थाचा धातू दीर्घ एकाराचा आहे. ‘हेळव’ हा शब्द ऱ्हस्व एकाराचा असून त्याचा अर्थ पांगळा असा होतो, आणि बैलावर बसून फिरणाऱ्या पांगळ्या मूळपुरुषाची कथा या समाजात प्रचलित आहे. मराठीत एकाराचा हा भेद नसल्यामुळे दोन शब्द एक झाले. जो पिढ्या सांगतो त्याच्या नावाचीच पिढी आपण चुकीची लावली! तरीही या वह्यांचे मोल कमी नाही. यजमान स्वतः आला त्या दिवशी त्याने सांगितलेली नावे तीत उतरतात. म्हणून तीन पिढ्यांपर्यंत त्या बहुधा विश्वसनीय, त्यापलीकडे नुसत्या नकला.

या सर्व साधनांचा एक समान दोष सांगितल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. त्यांत मुली नाहीत. सून आली तर ‘कोम’ म्हणून, आणि तीही विधवा होऊन हक्क मागावयास आली तरच. २६ जानेवारी २०२४ च्या मसुद्यात ‘सगेसोयरे’ हा जोडशब्द आला, तेव्हा त्याच्या व्याख्येवर मोठा वाद झाला. भाषेच्या दृष्टीने तो वाद साहजिक होता. आपल्या बोलीत सगा तो रक्ताचा, आणि सोयरा तो लग्नसंबंधाने जोडलेला; ज्या भावकीत मुलगी देता येत नाही तेथे सोयरीक होत नाही. वंशावळ सग्यांचीच ओळख ठेवते, सोयऱ्यांची ठेवीत नाही. म्हणजे ज्या नात्याचा पुरावा मागितला जातो त्याचा अर्धा भाग आपल्या पूर्वजांनी कधी लिहिलाच नाही.

मग करावे काय? आमच्या मते तीन गोष्टी अवश्य आहेत. पहिली, कोणत्याही नोंदीचे वाचन देताना मूळ अक्षरांची प्रतिमा, अक्षरशः लिप्यंतर आणि अर्थ हे तीन वेगळे रकाने ठेवावेत. आज बहुतेक ठिकाणी केवळ तिसरा रकानाच अर्जदाराच्या हाती पडतो. दुसरी, एका वाचकाच्या एका वाचनावर कोणाचा दावा मान्यही करू नये आणि फेटाळूही नये. दुसऱ्या, शक्य तर दुसऱ्या लिपीतील कागदाशी ताळा घ्यावा. तिसरी, विद्यापीठांच्या भाषाविभागांनी मोडीबरोबर शिकस्ता उर्दूचे वाचनही शिकवावे. मोडीचे वर्ग पुष्कळ निघाले आहेत. मराठवाड्याला दुसऱ्या लिपीची गरज तितकीच आहे.

दप्तराच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला आपल्या पूर्वजाचे नाव हवे असते. ते त्याला मिळावेच असे आश्वासन अभ्यासक देऊ शकत नाही. जे नाव त्याला वाचून दाखविले जाईल ते कागदावर खरोखर लिहिलेले असेल, एवढे आश्वासन मात्र आपण दिले पाहिजे.