चोरी कोणाची?

बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्याला साठ वर्षे उलटली, तरी शीर्षककथा वाचताना मी दर वेळी त्या एका क्रियापदापाशी अडखळतो. चोरी म्हणजे दुसऱ्याचे घेणे. या कथेतल्या तरुणाने कोणाचे काय घेतले?

कथा घडते गुजरातेत, सुरतेजवळच्या उधना येथे. रेल्वेत नोकरी मिळालेला, कविता करणारा एक दलित तरुण तेथे येतो. नोकरीच्या आनंदाने त्याला सगळे जग आपले वाटू लागले आहे. रणछोड हा सहकारी त्याला जात विचारतो. तरुण उसळतो, आपण मुंबईकर असल्याचे ठणकावतो. जात मात्र सांगत नाही. त्याच्या तोऱ्यावरून रणछोड ती स्वतःच ठरवून मोकळा होतो. मग खोटे रचले कोणी? आरोप करणाऱ्यांचा शब्द बागुलांनी आरोपीच्याच तोंडी घातला आणि वर त्याचेच शीर्षक केले. बागुलांच्या संतापाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, या बोचऱ्या उपरोधाविषयी फारच थोडे.

आमच्या सीमाभागात पाटील, देसाई ही आडनावे अनेक जातींत, मराठीत आणि कन्नडातही सापडतात. म्हणून आडनाव ऐकल्यावर लगेच ‘मूळ गाव कुठलं?’ असा साळसूद प्रश्न येतो. तो मीही विचारला आहे, खोटे कशाला बोलू! दहावीच्या मुलांना ही कथा वाचून दाखवली तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, तो खोटं कुठं बोलला? त्याला नीट विचारू दिलंच नाही की!” वर्ग हसला. मला मात्र त्याच सकाळी सही केलेल्या दाखल्यांवरचा जातीचा रकाना आठवला.

कथेतला मारहाणीचा प्रसंग वाचकांच्या लक्षात राहतो. मला त्याहून थोर वाटतो तो तिवारीचा भाग. कवितेवर लुब्ध झालेला तिवारी या तरुणाला मानाने घरी जेवायला बोलावतो. जे हवे होते ते समोर वाढून ठेवले आहे, आणि घास उतरत नाही; कारण हा मान आपल्याला नव्हे, त्यांनी कल्पिलेल्या माणसाला आहे. शेवट त्यामानाने भडक आहे, हे बागुलांच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

याच्या उलट काशिनाथ. तो जात लपवत नाही, कोणाकडे मान मागत नाही. भांडतो, आणि वेळ येताच चाकू काढून याला सोडवतो. तू मार का खाल्लास, या त्याच्या प्रश्नावर तरुण सांगतो की आपल्याला मनूने मारले. हे उत्तर पुष्कळांनी गौरवाने सांगितले आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. मनू ग्रंथात होता. मारणारे हात ओळखीचे होते. पण लेखक येथे चुकला, असेही म्हणवत नाही. इतका मार खाऊनही तरुण त्या माणसांची नावे घेत नाही, कारण तिवारीच्या घरचे ते पान त्याला अजून हवे आहे. काशिनाथला हे कळणे शक्य नव्हते.